पाचवीचा जून

गोव्यातल्या पुष्कळ मुलांची शाळेतली भाषा एका जून महिन्यात बदलते. चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकलेलं मूल पाचवीत येतं आणि त्याच्या हाती पडलेलं गणिताचं पुस्तक इंग्रजी असतं. परिसर अभ्यासाचं इंग्रजी, फळा इंग्रजी, चाचणीचा पेपरही इंग्रजी. चौथीचा निकाल आणि पाचवीचा पहिला तास यांच्यामध्ये असते ती फक्त उन्हाळ्याची सुट्टी.

अशाच एका जूनमध्ये मी म्हापशाच्या एका हायस्कुलात पाचवीच्या वर्गावर रुजू झाले. मी मूळची सोलापूरची. तिकडे मराठी शाळेत सेमी इंग्रजीच्या वर्गांना गणित आणि विज्ञान शिकवत होते. नवऱ्याची बदली थिवीच्या औद्योगिक वसाहतीत झाली, घर हलवावं लागलं. इथल्या एका शिक्षिकेची बाळंतपणाची रजा होती, त्या जागेवर मला घेतलं आणि पुढे शाळेने ती नेमणूक वाढवली. नोकरीची हकीकत एवढीच. मला सांगायचं आहे ते वर्गाबद्दल.

तरी म्हापशाबद्दल थोडं सांगितल्याशिवाय वर्गापर्यंत जाता येणार नाही, कारण शाळा उघडण्याआधीच या गावाने मला शिकवायला सुरुवात केली होती. आम्ही सावंतवाडी, बांद्यावरून पत्रादेवीला गोव्यात शिरलो. १५ ऑगस्ट १९५५ ला ज्या सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यांचं स्मारक तिथे हद्दीवरच आहे. ज्या राज्यात नोकरीला जायचं त्याच्या दारातच असं काही उभं असलं की माणूस जरा सावरून बसतो. मी वाचून आले होते की गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. पण वाचलेली तारीख आणि खिडकीतून दिसणारा तो चौथरा यांत फरक पडतो.

मे महिना संपत आला होता. म्हापशाचा बाजार पुरुमेंताने ओसंडत होता. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी म्हणजे पुरुमेंत. कांद्याच्या माळा, हळदोणची मिरची, सोलं, चिंचेचे गोळे, सुके बांगडे, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, म्हणून सुक्या मासळीच्या रांगेत पाय ठेवायला जागा नव्हती. शुक्रवार होता. घरमालकीण काकी मला सोबत घेऊन गेल्या. आमच्याकडे पावसाळ्यासाठी साठवण म्हणजे ज्वारी उन्हं देऊन कणगीत भरणं. इथे काकी मला सांगत होत्या की मीठ काचेच्या बरणीत ठेव, तिखट एकदम दळून आणू नकोस, कपडे धुण्याआधी आभाळाकडे बघ. सोलापूरला वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर. इथे तीन हजारांच्या आसपास. हे आकडे मी कितीतरी वर्षं मुलांना तोंडपाठ करायला लावले होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वर्गातला खडू फळ्यावर उमटेना, हजेरीपटाची पानं एकमेकांना चिकटू लागली आणि चिऱ्याच्या भिंतींना आतून पाणी सुटलं, तेव्हा तीन हजार मिलिमीटर म्हणजे काय ते कळलं.

काकी माझ्याशी मराठीत बोलत, घरात कोकणीत. देवापुढे आरती मराठीत, संध्याकाळच्या भजनात तुकोबा, सकाळी दारात पडणारं वर्तमानपत्र मराठी, आणि मासेवालीशी घासाघीस पुन्हा कोकणीत. २०११ च्या जनगणनेत गोव्यात कोकणी मातृभाषा सांगणारे सुमारे ६६ टक्के आणि मराठी सांगणारे ११ टक्क्यांच्या आसपास होते. पण असं घर पाहिल्यावर वाटतं, त्या रकान्यात एकच नाव लिहिताना या माणसांना किती विचार करावा लागला असेल.

शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. वय नव्वदीकडे झुकलेलं, कान थोडे गेलेले, आवाज मात्र अजून मागच्या बाकापर्यंत पोचेल असा. १९६४ साली सावंतवाडीकडून पेडणे तालुक्यातल्या एका गावात शिक्षक म्हणून आले. मुक्तीनंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या आणि त्यांसाठी महाराष्ट्रातून कितीतरी शिक्षक इकडे आले, त्यांतले हे एक. शाळेला इमारत नव्हती. देवळाच्या सभामंडपात वर्ग भरे. एका कोपऱ्यात पहिली, खांबाच्या पलीकडे दुसरी, आणि उत्सव असला की शाळा माडाखाली. कामानिमित्त म्हापशाला यायचं तर चोपड्याला फेरीबोटीत बसून शिवोलीला उतरायचं. तिथला पूल पुष्कळ नंतरचा.

त्यांच्या बोलण्यातली एक गोष्ट मी अनेकदा आठवते. पुस्तकात ज्वारीच्या शेताचा धडा होता. समोर बसलेली मुलं रेंदेरांची, म्हणजे माडाची सूर काढणाऱ्यांची, मिठागरात राबणाऱ्यांची, कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, राखण करणाऱ्यांची. ज्वारी कुणी पाहिलेली नव्हती. मास्तरांनी स्वतःही सावंतवाडीला भातच पाहिलेला. त्यांनी कोल्हापूरच्या नातेवाइकाला पत्र लिहिलं आणि एका ओळखीच्या एसटी कंडक्टरच्या हाती ज्वारीची कणसं मागवून घेतली. कणसं आली, मुलांनी दाणे मोजले, चावून पाहिले, काहींनी देवळामागे पेरलेसुद्धा. ते उगवले का, असं मी विचारलं. मास्तर म्हणाले, "उगावले, पण पावसान कुजले. पोरांक ता पण कळला, खंयची वस्तू खंय जगता ती." मग ते बराच वेळ त्या मुलांची नावं आठवत बसले. एकेक नाव सापडलं की त्या मुलाचं पुढे काय झालं तेही सांगत. साठ वर्षांपूर्वीची चौथी त्यांच्याकडे अजून हजेरीपटावर आहे.

माझा वर्ग यापेक्षा सरमिसळ. थिवी, कोलवाळ, अस्नोडा या बाजूंनी बालरथातून, म्हणजे शाळेच्या बसमधून, येणारी मुलं, बहुतेक गावच्या मराठी प्राथमिक शाळेत शिकलेली. काही कोकणी शाळेतून. काही पहिल्यापासून इंग्रजीत शिकलेली, त्यांत ख्रिस्ती मुलं अधिक, घरी कोकणी बोलणारी आणि ती रोमी, म्हणजे रोमन, लिपीत लिहिणारी. शिवाय बांधकामावर काम करणाऱ्यांची मुलं, कुणी उत्तर कर्नाटकातली, कुणी उत्तर प्रदेशातली. आणि सगळी मला "टीचर" म्हणणारी. "बाई" ऐकायची माझी सवय पहिल्या आठवड्यातच सुटली.

पहिली गणिताची चाचणी तपासायला घेतली आणि मी एक गोष्ट पाहिली, ती इथल्या प्रत्येक पाचवीच्या शिक्षकाने पाहिलेली असणार. बेरीज, वजाबाकी, गुणाकार यांत मराठी शाळेतून आलेली मुलं कुठेही मागे नव्हती. हातचे नीट, आकडे एकाखाली एक. शाब्दिक उदाहरणं आली आणि तीच मुलं कोसळली. उत्तरपत्रिका पाहिल्या की त्यांची रीत कळत होती. उदाहरण वाचायचंच नाही, त्यातले दोन आकडे उचलायचे आणि बेरीज करून टाकायची. एका दुकानदाराकडे १४४ नारळ होते, त्यांतले ६० विकले, डझनाच्या किती राशी उरल्या, असं उदाहरण होतं. अर्ध्या वर्गाचं उत्तर २०४.

त्यांत एक मुलगा असा होता की त्याची आई शुक्रवारच्या बाजारात नारळ आणि केळी घेऊन बसते. मी स्वतः तिच्याकडून नारळ घेतले होते. हा तिच्या शेजारी बसून गिऱ्हाइकाला सुटे पैसे परत देताना मी पाहिला होता, तोही कागद-पेन्सिल न घेता. त्याने वहीत २०४ लिहिलं होतं. मी त्याला टेबलाजवळ बोलावलं आणि तेच उदाहरण मराठीत सांगितलं. वाक्य पुरं व्हायच्या आत तो म्हणाला, "सात." मग मी इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, यात काय लिहिलंय? त्याने मान खाली घातली. "कळूंक ना, टीचर."

त्याच्या पेपरवर लाल शाईने शून्य द्यायचं मला जमलं नाही. त्याला गणित येत होतं, आणि चाचणी गणिताची होती.

सोलापूरला सेमी इंग्रजीतही हा अडथळा असतो, पण तिथे इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र मराठीतच राहतं. दिवसातले काही तास तरी मुलाला आपल्याला सगळं कळतंय असं वाटत असतं. इथे पाचवीत एकदम सगळ्याच खिडक्या बंद होतात. भाषेच्या तासाची तेवढी एक उघडी राहते. शिक्षकखोलीत यावर मी बोलले तेव्हा बरोबरीच्या शिक्षकांनी मला परकी म्हणून उडवून लावलं नाही. तीस वर्षं शिकवत असलेल्या एक ख्रिस्ती टीचर आहेत, त्यांनी त्यांची जुनी वही काढून दिली. त्यात त्यांनी गणितात हमखास येणारे इंग्रजी शब्द लिहून समोर कोकणी शब्द लिहिले होते, रोमी लिपीत. "तू तुझ्या मराठीत कर," म्हणाल्या. त्या वहीवरून मी फळ्याच्या उजव्या बाजूला एक पट्टा आखला. रोज दोन-तीन शब्द. तो पट्टा पुसायचा नाही, असं ठरलं.

मग पाऊस मोजायचं डोक्यात आलं. जलचक्राचा धडा होता आणि बाहेर पाऊस नुसता कोसळत होता, तो सोडून पुस्तकातलं चित्र दाखवण्यात अर्थ नव्हता.

दोन लिटरची बाटली घेतली, सरळ कडांची. मानेखाली कापली आणि वरचा तुकडा उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवला. तळ उंचसखल असतो, म्हणून आत खडे टाकून ते बुडतील इतकं पाणी ओतलं आणि त्या पाण्याच्या पातळीला शून्याची रेघ मारली. तिथून वर पट्टीने मिलिमीटर आखले. बाटली कुठे ठेवायची यावर वर्गात खरा वाद झाला. काहींना ती पागोळ्यांखाली हवी होती, कारण तिथे लवकर भरेल. आजोबांबरोबर शेतावर जाणारी एक मुलगी उठून म्हणाली की पागोळ्यांचं पाणी सगळ्या छपराचं असतं, आपल्याला फक्त बाटलीच्या तोंडात पडलेलं पाहिजे. माझं अर्धं शिकवणं तिनेच करून टाकलं, तेही कोकणीत, आणि वर्गाला एक अक्षर समजावून सांगावं लागलं नाही. शेवटी बाटली मैदानाच्या कडेला, झाडांपासून लांब, विटांच्या आधाराने उभी केली.

हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं. आमचा पहिला तास त्याच सुमाराला असतो. रोज दोघांची जोडी छत्री घेऊन जाणार, आकडा वाचणार, बाटली रिकामी करून पाणी पुन्हा शून्यावर आणणार. नोंदवहीत आधी आपल्या भाषेत एक ओळ लिहायची, खाली इंग्रजीत. कुणी "आज पावस चड पडलो" लिहिलं, कुणी मराठीत, कुणी रोमीत. इंग्रजी ओळ सुरुवातीला दोन शब्दांची होती. ऑगस्टपर्यंत काहींची तीन ओळींवर गेली, कारण सांगायला काहीतरी होतं. बांय म्हणजे विहीर भरली, ओहोळाचं पाणी रस्त्यावर आलं, बालरथ उशिरा पोचला, सांजांव या जूनमधल्या ख्रिस्ती सणाच्या दिवशी डोक्यावर फुलांचं कोपेल, म्हणजे मुकुट, घालून काकाने विहिरीत उडी मारली.

एका सकाळी बाटलीत ९० मिलिमीटर भरलं. हवामान खात्याच्या हिशेबात ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस. मी फळ्यावर लिहिलं की एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. वर्गाची लांबी आठ मीटर, रुंदी सहा. आमच्या एवढ्या वर्गाच्या छपरावर काल किती पाणी पडलं? ४८ गुणिले ९०. नारळवाल्या बाईच्या मुलाने सगळ्यांआधी हात वर केला. ४,३२० लिटर. आणि लगेच त्याचा प्रश्न, टँकर किती लिटरचा असतो? मी म्हटलं, आमच्याकडे उन्हाळ्यात येतो तो दहा हजारांचाही असतो. तुमच्याकडे टँकर कशाला, पाऊस नाही पडत? पुढचा सगळा तास मी सोलापूरबद्दल बोलले. हंड्यांच्या रांगा, उजनीचं धरण, ज्वारी, हुरडा. मुलं कान देऊन ऐकत होती. गोव्यात आल्यापासून माझ्या गावाबद्दल मला कुणी इतकं विचारलं नव्हतं.

कर्नाटकातल्या मुलीबद्दल सांगायलाच हवं. ती वर्गात बोलतच नसे. मराठी नाही, कोकणी नाही, इंग्रजी तर नाहीच. वही स्वच्छ, फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवलेलं, पण प्रश्न विचारला की डोळे बाकावर. एका दुपारी दीडला शाळा सुटल्यावर तिची आई फाटकाशी उभी होती, अंगावर सिमेंटचे डाग. धाकट्या मुलाला ती काहीतरी बोलली आणि मी थबकले. कन्नड. सोलापुरात आमच्या गल्लीत अर्धी घरं कन्नड बोलणारी, लहानपणी खेळता खेळता तोंडात बसलेली भाषा. मी विचारलं, "याव ऊरु, अक्का?" ती दचकून बघत राहिली. विजापूरजवळचं गाव निघालं, सोलापूरपासून तीन तासांच्या आतलं. गोव्यात येताना कोकणी शिकायची तयारी मनाशी केली होती, कन्नड लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नोंदवहीत मी त्या मुलीला तिच्या भाषेत लिही म्हटलं. तिला कन्नड लिहिता येत नव्हतं, कारण शाळेत ती पहिल्यापासून इथेच. मग ती बोलली आणि मी देवनागरीत लिहून घेतलं. मळे, म्हणजे पाऊस. नीरु, म्हणजे पाणी. वर्गातल्या मुलांनी ते शब्द म्हणून पाहिले. मधल्या सुट्टीत पाव-भाजी वाढताना एका मुलाने तिच्याकडे हात करून "नीरु, नीरु" म्हणत पाणी मागितलं आणि तिने तांब्या उचलून दिला. ती अजूनही फार बोलत नाही. पण आता उत्तर येत असलं की हात वर करते.

भाषेचे वाद गोव्याला नवे नाहीत. ४ फेब्रुवारी १९८७ ला विधानसभेने राजभाषा कायदा केला. कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापराचीही तरतूद राहिली. त्याआधीच्या आणि नंतरच्या आंदोलनांबद्दल काकींच्या ओट्यावर मी दोन्ही बाजू ऐकल्या आहेत, दोन्हीकडची माणसं मला प्रेमाने बोलवतात. १९९० पासून सरकारी अनुदान प्रादेशिक भाषांतल्या प्राथमिक शाळांना देण्याचं धोरण होतं. २०११ ला इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदानाची वाट मोकळी झाली. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं की शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत, आणि जमल्यास आठवीपर्यंत, मातृभाषेतून शिकवावं. या सगळ्यावर सभा झाल्या, मोर्चे निघाले. माझं म्हणणं लहान आहे. माध्यम कोणतं असावं याचा निकाल लागेल तेव्हा लागो. जे मूल आज चौथीतून पाचवीत येतंय त्याला निदान एक सत्र तरी दोन्ही भाषांत शिकू द्या. पुस्तकात उदाहरणाशेजारी त्याच्या भाषेतली ओळ छापा. त्याला गणित येत नाही असं शिक्क्यासहित लिहून देण्याआधी त्याला प्रश्न कळला का ते विचारा. मराठी प्राथमिक शाळांची पटसंख्या घटते म्हणून आपण हळहळतो. पण त्या शाळेत मन लावून शिकलेलं मूल पाचवीत येऊन पहिल्याच चाचणीत नापास होतं, ते त्याच्या आईबापांना दिसतं, आणि धाकट्याला ते पहिलीपासून इंग्रजी शाळेत घालतात. त्यांना मी दोष देऊ शकत नाही.

हे मी मास्तरांना सांगितलं. त्यांना सगळं ऐकू आलं की नाही कोण जाणे, पण ते उठून आत गेले आणि चौकटीच्या कागदाची एक जुनी वही घेऊन आले. त्यात त्यांच्या शाळेतल्या मुलांनी घरी बोलताना वापरलेले शब्द त्यांनी टिपून ठेवले होते. झाडं, मासे, भांडी, नाती. मी विचारलं, हे कशासाठी? म्हणाले, "माका शिकवचा होता ना." वही ते कुणाला देत नाहीत. मला त्यांच्यासमोर बसून उतरवून घेऊ दिली.

यंदाच्या पाचवीसाठी बाटली शाळा उघडायच्या आधीच तयार आहे, शून्याची रेघ सहावीच्या मुलांनी मारून दिली. फळ्याचा उजवा पट्टा आता पहिल्या दिवसापासून असेल. आणि मुख्याध्यापकांकडे मी एक अर्ज दिला आहे: पहिल्या चाचणीत ज्या मुलाला शाब्दिक उदाहरण वाचून कळत नसेल, त्याला ते एकदा त्याच्या भाषेत वाचून दाखवायची परवानगी मिळावी, गुण मात्र गणिताचेच द्यावेत. त्या ख्रिस्ती टीचरनी आणि गणिताच्या आणखी दोन शिक्षकांनी त्यावर सह्या केल्या आहेत. व्यवस्थापनाच्या बैठकीत तो जुलैत येईल असं सांगितलं गेलंय. नारळवाल्या बाईंना मी हे बाजारात सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, त्यांचा धाकटा पुढच्या वर्षी पाचवीत येणार, तेव्हा चालेल ना हे?